मफलर बंद कसा करतात

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर वाकडंतिकडं असेल, तर माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि धाकटा भाऊ माझ्या कडेवर होता, म्हणून ते तिथेच थांबलं. पहिली वेलांटी की दुसरी, हे मी अजूनही दोन्ही काढून बघते आणि जी बरी दिसेल ती ठेवते. लेकीने हे पाहिलं तर म्हणेल, "आई यार, ही अक्षरं आहेत की कोंबडीचे पाय?" तसं या लिखाणात कोंबडीचं बरंच काम आहे, तेव्हा चालून जाईल.

कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, कधीच उघडलं नाही. पण तो हिवाळा आठवला की मला भाजी चिरता चिरता एकटीलाच हसू फुटतं आणि घरातली माणसं दचकतात. एकदा लिहून टाकलं म्हणजे हसू जरा कमी होईल असं वाटतं. बहुतेक वाढेल.

मला मिसरीची सवय होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांना लावायची. आमच्या मराठवाड्यात बायकांच्या हातात हे असतंच. माझी दाढ दुखत होती तेव्हा मावशीने लावली, दाढ थांबली, मिसरी थांबली नाही. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, भांडी घासून झाल्यावर, कुणी काही बोललं की, कुणी काही बोललं नाही तरी. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली मिसरीचा डबा होता, आणि खरं सांगायचं तर साड्यांपेक्षा त्याचीच काळजी जास्त होती.

आमचे हे केंद्र सरकारच्या ऑफिसात कारकून. आधी सरकारी क्वार्टर होतं, मग कर्ज काढून मयूर विहारला सोसायटीत फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या वर्षांत सगळंच नवीन येत होतं. या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा, कोपऱ्यावर फोनचा बूथ, आणि ज्याच्या घरी नवा फ्रीज आला त्याच्या घरी लोक फ्रीज बघायला जात. आमच्याकडे कर्जाचा हप्ता आला होता. तो बघायला कुणी येत नसे.

नव्या घरात गावाहून आणलेला डबा संपला. तंबाखू बाजारात मिळाली, हुक्क्यावाल्या म्हाताऱ्यांसाठी ठेवत तसली. हे ऑफिसला, लेक शाळेत. मी गॅस पेटवला आणि तवा ठेवला.

गावात मिसरी अंगणात भाजतात. अंगणाला भिंती नसतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

धूर आधी स्वयंपाकघरात भरला, मग जिन्यात गेला, जिन्यातून खाली उतरला. तळमजल्यावर एक पंजाबी आंटीजी राहायच्या. साठी उलटलेल्या, जाडजूड, आवाज असा की त्यांनी दुधवाल्याला हाक मारली की पलीकडच्या ब्लॉकचा दुधवालाही थांबायचा. त्या ओरडल्या, "ओए, आग लग गई! तीसरी मंज़िल!" मी दार उघडलं तर समोर सोसायटीचे सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन, त्यांच्यामागे एक जण ओलं ब्लँकेट घेऊन, आणि त्यांच्यामागे धापा टाकत आंटीजी. मी हातात तवा घेऊन उभी.

"क्या जल रहा है, बहनजी?" सेक्रेटरी खोकत म्हणाले.

मला हिंदीतले जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे पळून गेले. एकच उरला.

"मसाला," मी म्हटलं.

सगळ्यांनी तव्याकडे बघितलं. तव्यात कोळसा. "अच्छा," सेक्रेटरी म्हणाले आणि बादली घेऊन खाली गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंटीजी वाटी घेऊन दारात हजर. "वो तुम्हारा मराठी मसाला, ज़रा सा देना. ख़ुशबू तो बड़ी तेज़ थी." मी तशीच उठले, खोबरं, धणे, दगडफूल काढून खराखुरा काळा मसाला भाजला आणि वाटी भरून दिली. त्यांनी तो राजम्यात घातला. त्या महिन्यात निम्म्या जिन्याने राजम्यात काळा मसाला खाल्ला आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्यानंतर मी घरात मिसरी भाजली नाही. फरीदाबादला यांचे चुलतभाऊ कारखान्यात कामाला होते. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, तिच्याकडे गावाहून डबे यायचे. त्यातला एक माझा.

लेक आठवीत गेली त्या वर्षी दिवाळीनंतर माझी दाढ पुन्हा दुखायला लागली. दवाखान्यात दातांची डॉक्टर होती, केस उंच बांधलेली तरणी पोरगी. तिने आरसा घालून बघितलं आणि गप्प झाली. डॉक्टर गप्प झाली की पेशंटने काय करायचं? मीही गप्प. तोंडात आरसा होता म्हणूनही.

"तंबाकू?" तिने विचारलं. मी मान हलवली.

"गाल के अंदर सफ़ेद चकत्ता है. तंबाकू आज से बंद, पूरी बंद. होली के बाद आइए. चला गया तो अच्छा, नहीं गया तो टुकड़ा काटकर जाँच के लिए भेजना पड़ेगा."

यातलं मला फक्त 'काटकर' ऐकू आलं.

हे बाहेर बाकावर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, पुन्हा घातली. मग गेटाबाहेरच्या गाडीवरून दोन आइस्क्रीमचे कोन घेऊन आले. थंडीचे दिवस, दोघांच्या नाकातून वाफ निघत होती.

"अहो, ह्या थंडीत?"

"तोंडात काहीतरी चांगलं जाऊ दे," ते म्हणाले. दाढ अशी ठणकली की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही आलं, त्यांची तर दाढ दुखत नव्हती.

घरी येऊन मी डबा उचलला आणि कॉलनीमागच्या नाल्यात फेकला. वाटलं होतं, बुडेल. तो तरंगला. मी काठाने घराकडे चालायला लागले तर पाण्यातून तोही माझ्याबरोबर चालायला लागला, जरा पुढे जायचा, शेवाळात अडकायचा, मी जवळ आले की पुन्हा निघायचा. मी पळाले. पुलाजवळ मागे वळून बघितलं तर येतच होता. एवढा जीव लावणारं माहेरचंही कुणी नव्हतं.

आता कोंबडीचं सांगते. मिसरी सोडल्यावर डोकं दुखेल, तोंड कोरडं पडेल, हे ठाऊक होतं. पण छातीत जे सुरू झालं त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. छातीत एक कोंबडी शिरली. मांजर मागे लागल्यासारखी फडफड करायची. हाताला घाम, पायात कापूस, आणि आता काहीतरी वाईट होणार अशी पक्की खात्री. काय होणार ते कोंबडी सांगत नसे. आणि मला एकच औषध ठाऊक होतं, ते नाल्यातून गेलं होतं.

दुधाच्या बूथवर टोकन टाकलं की नळातून दूध येतं. एके दिवशी मी टोकन टाकलं आणि त्याच घडीला कोंबडी उडाली. मी दुधाची रिकामी डोलची छातीशी धरून घरी पळाले. मागे दूध नळातून भळाभळा वाहत होतं आणि रांग ओरडत होती, "अरे बहनजी! दूध! दूध!" एका माणसाने म्हणे त्याखाली टोपी धरली.

यांनी उपाय सुरू केले. आधी लवंग, मग बडीशेप, मग आवळ्याची सुपारी. मी एवढी बडीशेप खाल्ली की लेक म्हणाली, "आई, तू हॉटेलच्या काउंटरसारखी वास मारतेस." मग यांनी बुद्धविहारात ऐकलेलं सांगितलं.

"अगं, डोळे मीट. श्वासाकडे लक्ष दे. येतोय, जातोय, एवढंच बघायचं."

मी डोळे मिटले. आला. गेला. आला. गेला. मग मनात आलं, हा इतकी वर्षं आपला आपण येत होता, आता मी बघतेय म्हणून लाजून आला नाही तर? मी डोळे उघडून ओरडलेच. यांनी पाण्याचा तांब्या आणला.

"कुणी सांगितलं होतं एवढं निरखून बघायला?"

"तुम्हीच!"

"बरं, मग जरा दुरून बघ." आणि आम्ही दोघं हसायला लागलो. हसलं की कोंबडी जरा थांबायची, पण माणूस दिवसभर हसणार किती?

दिल्लीत थंडीत दुपारी बायका घरात थांबत नाहीत. खाली हिरवळीवर चारपाया, म्हणजे आपल्या बाजा, टाकून बसतात, शेंगा खातात, मटार सोलतात आणि विणतात. बोलताना, भांडताना, दुसऱ्याच्या सुनेची नक्कल करताना, हात चाललेलेच. आमच्या गावात लोकर कुणी विणताना मी बघितली नव्हती, तेवढी थंडीच नव्हती. मी तिथे कडेला बसायचे, कारण घरात बसलं की कोंबडी आणि मी दोघीच.

माझं उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप तोंडाकडे जायचं. मी ते पदरात गुंडाळायची, मांडीखाली दाबायची. आंटीजींनी एके दिवशी माझा हात खसकन ओढला आणि ते काळपट बोट उन्हात धरलं.

"ये उंगली बेकार बैठी है," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "बेकार लड़का और बेकार उंगली, दोनों ग़लत जगह जाते हैं. इसको नौकरी पर लगाओ."

बायका हसल्या. मी मातीत जायला जागा शोधत होते. आंटीजींनी आपल्या पिशवीतून दोन सुया काढल्या, मफलरच्या रुंदीचे टाके घालून दिले, माझ्या त्याच बोटाला लोकरीचा वेढा दिला आणि शिकवलं, सुई आत, लोकर वरून, बाहेर काढ, सोडून दे. आत, वरून, बाहेर, सोड. "बस, यही करते जाओ. मफ़लर बन जाएगा."

संध्याकाळी त्याच मला बाजारात लोकरीच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानात बाऊजी होते, पांढऱ्या दाढीचे, चष्मा दोरीने बांधलेला. "इसको ऊन दे दो. पैसे धीरे-धीरे देगी. बेटी है मेरी," आंटीजी म्हणाल्या. घरचा सगळा पैसा हप्त्यात जायचा, यांच्याकडे मागायचं माझ्या जिवावर आलं असतं, हे मी त्यांना बोलले नव्हते. न बोलता कळणाऱ्या माणसांचा आवाज मोठा असला तरी चालतो.

"कौन सा रंग?" बाऊजींनी विचारलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी वाट बघितली. मी अजून जमिनीकडे. शेवटी त्यांनी जी खपत नव्हती ती लडी दिली, झेंडूसारखी भगभगीत केशरी.

आणि काय सांगू! दुसऱ्या दिवशी सुई आत, लोकर वरून, बाहेर, सोड, असं करता करता दोन ओळी झाल्या आणि माझ्या ध्यानात आलं की छातीत सामसूम आहे. कोंबडी गेली नव्हती. ती खाली बसली होती. खुडूक कोंबडी अंड्यांवर पंख पसरून बसते ना, तशी गरम, जड, जागच्या जागी. मी विणायचं थांबले की मान वर काढायची. पुन्हा विणायला लागले की मान खाली. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच हसत सुटले आणि केशरी लडी त्याच दिवसात संपवली.

बाऊजींकडे गेले. "कौन सा रंग?" मी जमिनीकडे. पोपटी मिळाली. पुढे राणी रंग, मग कसलीशी हळदीची, मग पुन्हा पोपटी. दुकानातला खपत नसलेला सगळा माल माझ्या मफलरात येत होता आणि पैशाचं विचारलं की बाऊजी हात हलवायचे, "हो जाएगा, बेटी, हो जाएगा."

आता इथे माझी चूक झाली. आंटीजींनी टाके घालून दिले, विणायला शिकवलं, पण मफलर बंद कसा करायचा हे शिकवायच्या आधीच त्यांच्या मुलीच्या बाळंतपणासाठी त्या मेरठला गेल्या. सुई तशीच काढून घेतली तर सगळं उसवतं, एवढं मी एकदा करून बघितलं होतं. दुसऱ्या कुणा बाईला विचारायला पाहिजे होतं. हिरवळीवर दहा जणी होत्या. रोज घरून निघताना मी वाक्य पाठ करायची, "बहनजी, ये बंद कैसे करते हैं?" आणि तिथे गेले की वाक्य घशात, सुया हातात. म्हणून मी विणत राहिले.

आणि खोटं कशाला बोलू, मला तो बंद करायचाही नव्हता. बंद केला तर कोंबडी उठेल ही भीती होतीच.

मफलर गळ्याइतका झाला, कमरेइतका झाला, जमिनीला टेकला. हे एकदा संध्याकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघत राहिले.

"कुणासाठी चाललाय?"

"तुमच्यासाठी."

"माझा गळा एवढा लांब आहे?"

"आई," लेक म्हणाली, "हा जिराफच्या जॉइंट फॅमिलीसाठी आहे."

पौषात तो माझ्या लुगड्याएवढा झाला. पलंगाच्या पेटीत ठेवला तर पेटीचं झाकण लागेना. मग लेकीने त्याची चुंबळ करून दिली, ती पिशवीत घालून मी फिरायची आणि चालू टोक तेवढं बाहेर असायचं.

होळी जवळ येत होती. रोज सकाळी मी आरशासमोर गाल ताणून बघायची. कधी वाटायचं चट्टा लहान झाला, कधी वाटायचं आरसाच खराब आहे.

तेवढ्यात फरीदाबादच्या पुतणीचं लग्न आलं. यांच्या ऑफिसला जाणारी चार्टर्ड बस होती, रोज तीच माणसं, तीच जागा. वर्षानुवर्षं एका बाकावर बसून ती नात्यागोत्याच्या वर गेली होती. यांनी सगळ्या चार्टर्डवाल्यांना बोलावलं आणि रविवार होता म्हणून बसही तीच ठरवली. सकाळी एवढं धुकं की ड्रायव्हरचा मदतनीस दारातून डोकं काढून रस्ता सांगत होता. आणि मागच्या खिडकीला काच नव्हती.

मी विणत होते. मागच्या बाकावरचे एक वर्माजी, ऑडिटमधले, कुडकुडत म्हणाले, "भाभीजी, ज़रा ये पीछे वाला हिस्सा घुटनों पर रख लूँ?" मी मान हलवली. त्यांनी ओढला. त्यांच्या शेजाऱ्याने ओढला. मग पलीकडच्या बाकाने. चुंबळ पिशवीतून सुटत गेली, केशरी गेला, पोपटी गेला, राणी गेला, आणि मी वळून बघते तो मागच्या सगळ्या बसने एकच मफलर पांघरलेला. खड्डा आला की सगळे एकदम वर उडायचे आणि मफलरने बांधल्यासारखे एकदम खाली यायचे. पुढच्या टोकाला मी विणतेच आहे.

"भाभीजी, जल्दी बुनिए!" मागून कुणीतरी ओरडलं. "ड्राइवर रह गया है!"

मी हसले. मोठ्याने. चार माणसांत, नव्हे भरल्या बसमध्ये. यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू बायको बदलून आली.

लग्न साधं, छान झालं. पांढऱ्या साडीतली नवरी, बुद्धवंदना, फुलं, मग जेवण. आणि जेवणानंतर जे मी विसरले होते ते झालं. बायका मागच्या खोलीत सतरंजीवर गोल बसल्या. जावेने मधोमध डबा ठेवला. झाकण उघडलं.

तो वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मावशी, अंगण, तवा, माझी सगळी माहेरची माणसं त्या डब्यात बसली होती. मिसरी एकटीने लावली तर ती सवय असते, गोल बसून लावली तर ती गप्पांची बैठक असते. डबा हातोहात फिरायला लागला. कोंबडी उठली. नुसती उठली नाही, घरभर उडाली.

"घे गं," जाऊ म्हणाली, डबा माझ्यापुढे धरून. "गावाकडची आहे. एवढीशी घे."

"नको, बाई."

"अगं, एवढ्याशाने काय होतंय? दिल्लीची मॅडम झालीस का आता? ब्रश करतेस?"

बायका फिदीफिदी हसल्या. मी माझ्या बोटाकडे बघितलं. त्या बोटाला पोपटी लोकरीचा वेढा होता, दुसऱ्या हातात सुई, सुईवर अर्धी ओळ. बोट डब्यात घालायचं तर वेढा सोडावा लागला असता, आणि वेढा सोडला की टाके सुटले असते.

"हात गुंतलाय," मी म्हटलं.

"मग मी लावते तुला, तोंड उघड."

मी तोंड घट्ट मिटलं आणि विणायला लागले. एवढ्या जोरात की सुया एकमेकींवर खडखड वाजत होत्या. आत, वरून, बाहेर, सोड. आत, वरून, बाहेर, सोड. जाऊ बघत राहिली. मग तिने डबा खाली ठेवला आणि मफलरचं टोक हातात घेतलं, ओढलं, अजून ओढलं, पिशवीतून निघतच होता.

"आगं बया बया," ती म्हणाली. "काय गं हे? कुणाला बांधून नेणार आहेस?"

"मला," मी म्हटलं, आणि मला असं हसू आलं की मागे भिंतीला टेकले. जाऊ हसली, तिची सासू हसली, मिसरीचं बोट तोंडात असलेल्या दोघी जणी हसता हसता ठसकल्या. डबा पुढे गेला. माझ्याकडे परत आला नाही.

होळीनंतर आंटीजी परत आल्या. हिरवळीवर मी मफलर काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक टोक धरलं आणि दुसरं शोधायला लागल्या. चारपाईवरून उतरून चालत गेल्या, सापडलं तेव्हा फाटकाजवळ पोचल्या होत्या.

"बेटी, बंद क्यों नहीं किया?"

महिनोन्महिने पाठ केलेलं वाक्य एकदाचं बाहेर आलं. "बहनजी, ये बंद कैसे करते हैं?"

आंटीजी एवढ्या हसल्या की त्यांची कवळी सुटली आणि शेंगांच्या टरफलांत पडली. मग डोळे पुसत त्यांनी तो पूर्ण हाताखालून घातला. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. तिथे पोपटी पट्टा कमरेत आवळल्यासारखा अरुंद झाला होता, टाके दगडासारखे कडक.

"यहाँ क्या हुआ था?"

"शादी," मी म्हटलं.

"हाँ," त्या म्हणाल्या, "शादी में ऐसा होता है." आणि त्यांनी मला बंद करायला शिकवलं. दोन टाके विण, पहिला दुसऱ्यावरून उडी मारून टाक, एक उरला. पुन्हा एक विण, पुन्हा उडी. एवढंच होतं! एवढ्यासाठी मी सगळा हिवाळा विणत होते. शेवटचा टाका ओढला आणि श्वास धरून बसले. कोंबडीने मान वर केली, इकडेतिकडे बघितलं, आणि पुन्हा बसली.

त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. डॉक्टर पोरीने आरसा घातला, गप्प झाली. पुन्हा गप्प! मी पदराआड बोटांनी आत, वरून, बाहेर, सोड करत होते. तिने दुसऱ्या बाजूने बघितलं, दिवा जवळ ओढला.

"कहाँ गया?" ती म्हणाली. मग तिने शेजारच्या डॉक्टरला बोलावून जुना कागद दाखवला. "यहाँ था. देखिए, अब कुछ नहीं है." आणि माझ्याकडे वळून, "आंटी, दिखाती रहना बीच-बीच में. पर ये तो गया."

मी आरसा तोंडात असतानाच हसले, आरसा दातांवर टणकन वाजला. बाहेर हे टोपी काढघाल करत होते. मी मान हलवली. ते तडक आइस्क्रीमच्या गाडीकडे गेले. आता ऊन होतं, निदान आइस्क्रीमचा दिवस तरी बरोबर होता.

राहिलं लोकरीचं देणं. उन्हाळ्यात मफलर कोण घेतो? पण थंडी पुन्हा पडली तेव्हा वर्माजींनी यांना बसमध्ये विचारलं, "भाभीजी का वो कंबल कहाँ है? इस साल भी काँच नहीं लगी." हे घरी येऊन सांगत होते आणि आंटीजी वाटीभर मसाला मागायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं, कात्री मागितली आणि कच्चकन मफलर कापला. मी किंचाळलेच. पण कापून एक ओळ उसवली, मोकळे टाके सुईवर घेतले की पुन्हा बंद करता येतं. मी आता बंद करणारी झाले होते. तुकडा कापायचा, बंद करायचा, टोकांना गोंडे लावायचे. जवळजवळ प्रत्येक बाकावर एक मफलर विकला गेला. सकाळी बस निघायची तेव्हा खिडक्यांतून केशरी, पोपटी, राणी गळे दिसायचे आणि गॅलरीत उभी राहून मला हसू आवरत नसायचं. अरुंद पोपटी तुकडा कुणी घेतला नसता. तो मी ठेवला. कोंबडी अजून अधूनमधून येते, तेव्हा तो हातात धरते.

सगळे पैसे जमले त्या दिवशी मी एकटीच बाऊजींकडे गेले. दुकानात गर्दी होती. मी कडेला उभी राहिले, मग पुढे झाले आणि रुमालाची गाठ सोडून नोटा काउंटरवर ठेवल्या. बाऊजींनी दोरीचा चष्मा चढवला.

"कौन सा रंग, बेटी?"

मी जमिनीकडे बघितलं नाही. "पहले पैसा लो, बाऊजी. पूरा है."

त्यांनी अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि गल्ला उघडून आत टाकल्या.

"पूरा है," बाऊजी म्हणाले.